इंग्रजी शब्दसंग्रह : शब्दार्थ व वाक्यांत उपयोग (विशेष संदर्भ : भंडारा जिल्हा)

परभाषेतील शब्दाचा अर्थ स्वभाषेतील प्रतिशब्दाने समजून घेणे व त्या शब्दाचा वाक्यात उपयोग करून तो आत्मसात करणे, ही भाषाशिक्षणाची एक जुनी रीत होय. ‘शब्दाचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न महाराष्ट्रातील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. या प्रश्नाचे दोन भाग दोन निरनिराळ्या परंपरांतून आलेले आहेत. शब्दार्थ हा कोशकारांचा वारसा आहे, तर वाक्ययोजना ही प्रामुख्याने पाठमालांची व अध्यापनशास्त्राची देणगी आहे. मराठी भाषिकांच्या इंग्रजी शब्दसंग्रहाचा इतिहास म्हणजे या दोन परंपरांच्या संयोगाचा इतिहास होय. पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. तेथील विद्यार्थ्याची घरची बोली, शाळेतील प्रमाण मराठी व पुस्तकातील इंग्रजी अशा तीन पायऱ्यांमधून शब्दाचा अर्थ प्रवास करतो. त्यामुळे प्रतिशब्दाधारित शिक्षणाचे गुण व दोष तेथे विशेष स्पष्टपणे दिसून येतात.

पूर्वपरंपरा : शब्दसंग्रह मुखोद्‌गत करण्याची प्रथा इंग्रजीबरोबर भारतात आली, असे नाही. पाठशाळांतून अमरकोशाचे श्लोक पाठ करून घेतले जात. अमरकोशात शब्दांची मांडणी विषयवार असल्याने एका वस्तूची अनेक नावे विद्यार्थ्याच्या कानांवर एकत्र पडत. द्वैभाषिक शब्दसूचीचे मराठी परंपरेतील ठळक उदाहरण म्हणजे शिवकालीन राज्यव्यवहारकोश हे होय. राज्यकारभारात रुळलेल्या फार्सी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. या दोन्ही प्रकारांत वाक्ये नाहीत. शब्द ज्या भाषेत वापरायचा तिचा व्यवहार विद्यार्थ्याला अन्यत्र परिचित होत असल्याने नुसती नावे पुरत. इंग्रजीच्या बाबतीत मात्र असा परिचित व्यवहार सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या भोवती नव्हता. शब्दार्थाची जुनी पद्धती तेथे अपुरी पडण्याचे हे मुख्य कारण होय.

कोशरचनेचा आरंभ : मराठी व इंग्रजी यांना एकत्र आणणारे पहिले कोश मराठी माणसाला इंग्रजी शिकविण्यासाठी झालेले नाहीत. इंग्रज अधिकारी, मिशनरी व सैनिक यांना मराठी शिकता यावी, हा त्यांचा हेतू होता. विल्यम कॅरी (१७६१–१८३४) यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथून प्रसिद्ध झाले. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. या कामी कॅरी यांना साहाय्य करणारे वैजनाथ शर्मा हे पंडित नागपूरकडील होते. मुद्रित मराठी-इंग्रजी कोशाच्या पहिल्या टप्प्यावरच नागपूर प्रांताचा असा संबंध आला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

त्यानंतर व्हान्स केनेडी यांचा कोश १८२४ मध्ये मुंबईस निघाला. मराठी शब्दांचे अर्थ मराठीतच देणारा महाराष्ट्र भाषेचा कोश जगन्नाथशास्त्री क्रमवंत व त्यांचे सहकारी शास्त्री यांनी १८२९ मध्ये सिद्ध केला. जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) यांनी जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने रचिलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सु. ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या सु. ६०,००० वर गेली. मोल्सवर्थ यांनी केवळ प्रतिशब्द दिले नाहीत. शब्दाचे लिंग, छटा, त्यापासून बनणारे वाक्प्रचार व म्हणी यांचीही नोंद त्यांनी केली. शब्द एकटा नसतो, तो आपल्या सोबत्यांसह ओळखावा लागतो, हे तत्त्व त्यांच्या कोशात प्रत्यक्ष अंमलात आलेले दिसते. तथापि ज्या काळात हे शब्द गोळा झाले, त्या काळात नागपूरचे राज्य भोसल्यांच्या ताब्यात होते. संकलनाचा भर साहजिकच दख्खन व कोकण या भागांवर राहिला. वैनगंगेच्या खोऱ्यातील बोलीला या पायाभूत कोशात अल्प स्थान मिळाले, त्याचे परिणाम पुढे दीर्घकाळ जाणवले.

इंग्रजी-मराठी कोश व पाठमाला : मराठी विद्यार्थ्याला उपयुक्त अशी उलट दिशा टॉमस कँडी (१८०४–७७) यांच्या इंग्रजी-मराठी कोशाने घेतली. त्याची पहिली आवृत्ती १८४७ मध्ये व दुसरी १८७३ मध्ये निघाली. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी मोल्सवर्थच्या बृहत्‌कोशाचा संक्षेप १८६३ मध्ये प्रसिद्ध केला व कोश सामान्य विद्यार्थ्याच्या आटोक्यात आणला. विसाव्या शतकाच्या आरंभी नीलकंठ बाबाजी रानडे यांनी संपादिलेला ट्‌वेंटिएथ सेंचुरी इंग्लिश-मराठी डिक्शनरी हा बृहत्‌कोश भागशः प्रसिद्ध झाला. १९१६ पर्यंत पूर्ण झालेल्या या कोशात उच्चार, व्युत्पत्ती व शास्त्रीय संज्ञा यांनाही स्थान देण्यात आले.

कोशाचा उपयोग ज्याला शब्द भेटलेला आहे त्यालाच होतो. शब्द क्रमाने भेटवून देण्याचे कार्य पाठमालांनी केले. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची तीन भागांची भाषांतर पाठमाला ही यांपैकी सर्वांत लोकप्रिय ठरली. ‘तर्खडकर’ हे नाव मराठी घरांत इंग्रजीच्या पायाभूत अभ्यासाचे समानार्थी झाले. तिच्या पाठात नवे शब्द व त्यांचे अर्थ, व्याकरणाचा एखादा नियम आणि भाषांतरासाठी वाक्ये अशी योजना आढळते. वाक्ये दोन्ही दिशांनी असत. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना शब्द ओळखावा लागे, मराठीतून इंग्रजीत करताना तोच शब्द आठवून योग्य रूपात बसवावा लागे. आजच्या परिभाषेत यांना अनुक्रमे ग्रहणात्मक व अभिव्यक्तिक्षम शब्दसंपत्ती म्हणतात. शिक्षकाविना अभ्यास करणाऱ्या खेड्यातील विद्यार्थ्यालाही पाठमाला उपयोगी पडे, हे तिचे सामाजिक महत्त्व होय. तिचा दोष असा की, वाक्ये बहुधा नियमासाठी बनविलेली असत. त्यांचा परस्परांशी अथवा विद्यार्थ्याच्या जीवनाशी फारसा संबंध नसे.

भंडारा जिल्ह्याची पार्श्वभूमी : तिसरे रघूजी भोसले यांच्या १८५३ मधील निधनानंतर नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा करण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली व भंडारा हा त्याचा एक जिल्हा बनला. १९५० पासून तो तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ मे १९९९ रोजी त्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. विभाजनोत्तर भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर असे सात तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती.

मुंबई इलाख्यात १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा मध्य प्रांताचे शिक्षणखाते अस्तित्वातही आलेले नव्हते. उच्च शिक्षणासाठी या प्रांतातील महाविद्यालये प्रथम कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठांशी संलग्न होती. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये झाली. नागपुरात स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी १८४६ मध्ये शाळा काढली होती. तिच्याच परंपरेतून १८८३ मध्ये हिस्लॉप महाविद्यालय निघाले. हिस्लॉप यांनी या प्रदेशातील गोंडी इ. भाषांचे शब्द जमविले होते. त्यांच्या निधनानंतर रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

जिल्ह्यातील सामान्य माणसापर्यंत इंग्रजी शब्द शाळेच्या आधी अन्य वाटांनी पोहोचले. कचेरी ही पहिली वाट होय. कोर्ट, समन्स, अपील, नोटीस हे शब्द निरक्षर शेतकऱ्यालाही कळू लागले, कारण ते न कळल्यास जमिनीला मुकण्याची भीती होती. १८८० नंतरच्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावकडे लोहमार्ग गेला व १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे तो आला. भंडारा शहराचे स्थानक वरठी येथे आहे. स्टेशन, तिकीट, सिग्नल, गार्ड हे शब्द या वाटेने आले. तुमसर परिसरातील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनीजच्या खाणींनी खाणकामाची परिभाषा आणली. हे शब्द कोणीही अर्थ सांगून शिकविले नव्हते. वस्तू, प्रसंग व गरज यांच्या द्वारे ते आपोआप अंगवळणी पडले. उलट शाळेत मेहनतीने पाठ केलेले अनेक शब्द परीक्षेनंतर विस्मृतीत गेले. शब्द टिकण्यासाठी त्याचा प्रसंगाशी संबंध जडावा लागतो, हे या तुलनेतून दिसते.

बोली, प्रमाण मराठी व इंग्रजी : जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) मराठीच्या बोलींचे वर्णन असून भंडाऱ्याकडील बोलीचा अंतर्भाव ‘नागपुरी’त केलेला आहे. या सर्वेक्षणासाठी तुलनार्थ २४१ शब्द व वाक्ये यांची एक प्रमाण यादी वापरली होती. बोली समजण्यासाठी केवळ शब्द पुरेसे नाहीत, वाक्येही हवीत, ही जाणीव या यादीमागे होती. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर यांच्या वनव्याप्त भागातील बोलीला पुढे ‘झाडीबोली’ हे नाव रूढ झाले. साकोली येथील हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचे संशोधन व शब्दसंकलन केले. याशिवाय जिल्ह्यात पोवारी, गोंडी, हिंदी इ. भाषाही बोलल्या जातात.

इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ सांगणारी पुस्तके ज्या मराठीत लिहिली गेली, ती पुण्या-मुंबईकडील शिष्टसंमत मराठी होती. उच्चारांपासूनच याचा प्रत्यय येतो. झाडीबोलीत ‘ण’, ‘ळ’, ‘श’ हे वर्ण स्वाभाविकपणे येत नाहीत. ‘पाणी’चे ‘पानी’, तर ‘डोळा’चे ‘डोरा’ होते. इंग्रजी ‘शी’ व ‘सी’ किंवा ‘शिप’ व ‘सिप’ यांतील भेद देवनागरीत लिहून दाखविला, तरी ज्याच्या बोलीत ‘श’ व ‘स’ हा भेदच नाही त्याला तो केवळ लिपीवरून कळत नाही. तो कानाने शिकवावा लागतो.

अर्थाच्या बाबतीत धानाच्या शेतीचे उदाहरण बोधप्रद आहे. भंडारा हा धानाचा व तलावांचा जिल्हा आहे. शेतातील पीक व टरफलासहित दाणा म्हणजे ‘धान’, सडलेला दाणा म्हणजे ‘तांदूळ’ व शिजलेला पदार्थ म्हणजे ‘भात’, असा येथील लोकव्यवहार आहे. पश्चिम महाराष्ट्रात उभ्या पिकालाही ‘भात’च म्हणतात. इंग्रजी ‘राइस’ हा एकच शब्द या तिन्ही अर्थांना पुरतो. ‘पॅडी’ हा शब्द मात्र मलाय भाषेतून इंग्रजीत आला असून तो नेमका ‘धान’ या अर्थाचा आहे. ‘पॅडी म्हणजे भात’ असा पश्चिमेकडील पुस्तकातील अर्थ भंडाऱ्याच्या मुलाने शब्दशः घेतला, तर त्याच्या मनात शेताऐवजी ताट उभे राहते. ‘पॅडी म्हणजे धान’ असे म्हणताच अर्थ नेमका कळतो.

धानाची रोपे प्रथम एका लहान जागी टाकतात व त्यांना ‘पऱ्हे’ म्हणतात. पावसाने जमीन भिजली, की ती उपटून ‘बांधी’त म्हणजे बांध घातलेल्या खाचरात लावतात. या लावणीला ‘रोवणा’ किंवा ‘रोवणी’ म्हणतात. इंग्रजीत पऱ्ह्यांच्या जागेला ‘नर्सरी’ व रोवण्याला ‘ट्रान्सप्लांट’ म्हणतात. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात ‘ट्रान्सप्लांट’ला ‘प्रत्यारोपण’ हा संस्कृत प्रतिशब्द येतो आणि मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाचे वर्णन वाचताना विद्यार्थी दोन अनोळखी शब्दांत सापडतो. एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी रुजविणे ही क्रिया मात्र तो दर पावसाळ्यात पाहत, कित्येकदा स्वतः करीत आलेला असतो. ‘रोवणा’ हा शब्द वर्गात उच्चारला गेला, तर इंग्रजी व संस्कृत हे दोन्ही शब्द त्याला एकाच वेळी उलगडतात. बोलीतील शब्द अशुद्ध मानून वगळला, तर विद्यार्थ्याचे स्वतःचे ज्ञान त्याच्या शिक्षणाबाहेर राहते. शिवाय आपली भाषा शिक्षणास अयोग्य आहे, अशी समजूत त्याच्या मनात घर करते. शब्दसंग्रह वाढविण्याच्या प्रयत्नात मूळचा संग्रह असा गमावला जाणे ही मोठीच हानी होय.

‘टँक’ या शब्दाची कथा याहून वेगळी आहे. कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेल्या येथील तलावांचा उल्लेख ब्रिटिश अमदानीतील गॅझेटिअरांत व महसुली कागदपत्रांत ‘टँक’ असाच येतो. मालगुजारी हक्क १९५१ मध्ये संपुष्टात आल्यावर हे तलाव ‘माजी मालगुजारी’ किंवा संक्षेपाने ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. लहान तलावास ‘बोडी’ म्हणतात. ‘टँक’चा हा अर्थ भारतीय इंग्रजीतील आहे. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या शालेय कोशात ‘टाकी’ किंवा ‘रणगाडा’ हेच अर्थ प्रथम भेटतात. गुजराती-मराठीतील ‘टांके’ व पोर्तुगीज ‘टांके’ या दोहोंचा संबंध या शब्दाशी जोडला जातो. हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या कोशात अशा शब्दांची चर्चा आढळते. ‘मुंगूस’ या मराठी शब्दावरून इंग्रजीत ‘माँगूस’ आला, हेही प्रसिद्ध आहे. शब्दांची ही देवघेव दुहेरी आहे, हे विद्यार्थ्यास कळल्यास इंग्रजीविषयीचे दडपण कमी होते.

प्रतिशब्दाच्या मर्यादा : दोन भाषांतील शब्दांची क्षेत्रे क्वचितच तंतोतंत जुळतात. ‘अंकल’ या एका शब्दात काका, मामा, मावसा व आत्याचा नवरा हे सर्व सामावतात. नात्यांचे व्यवहार ज्या समाजात वेगवेगळे आहेत, त्याला ‘अंकल म्हणजे काका’ हा अर्थ अपुरा पडतो. उलट मराठी ‘करणे’ या क्रियापदास इंग्रजीत ‘डू’ व ‘मेक’ असे दोन मुख्य पर्याय असून त्यांची निवड नामावर अवलंबून असते. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’, इंग्रजीत तो परीक्षा ‘टेक’ करतो, म्हणजे अक्षरशः घेतो. ‘देणे’ याचा ‘गिव्ह’ हा प्रतिशब्द पाठ केलेला विद्यार्थी येथे हमखास चुकतो. शिक्षक परीक्षा घेतो व विद्यार्थी देतो, हा मराठीचा न्याय आहे, तर इंग्रजीचा न्याय वेगळा आहे. ‘मला भूक लागली’ या वाक्यात भूक हा कर्ता आहे. इंग्रजीत माणूस कर्ता होतो व भूक त्याचे विशेषण बनते. अशा ठिकाणी एकेका शब्दाचा अर्थ कळूनही वाक्य साधत नाही. या चुका आळसामुळे अथवा बुद्धिमांद्यामुळे होत नाहीत. मातृभाषेची घडण परभाषेवर लादली गेल्याने त्या होतात. त्यांचे स्वरूप ठराविक असल्यामुळे त्यांचा आधीच विचार करून पाठ आखता येतो.

वाक्याचे स्थान : शब्दाच्या अर्थाचा पुरावा म्हणून वाक्य देण्याची प्रथा इंग्रजी कोशरचनेत सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) यांच्या १७५५ च्या कोशाने दृढमूल केली. त्यांनी ग्रंथकारांची अवतरणे दिली. परभाषक विद्यार्थ्याला अशी अवतरणे अवघड जातात. त्याला शब्दाचा मान्यवर पुरावा नको असतो, तर अनुकरणयोग्य नमुना हवा असतो. ही गरज ओळखून ए. एस. हॉर्नबी (१८९८–१९७८) यांनी जपानमधील अध्यापनाच्या अनुभवावरून एक कोश रचला. तो १९४२ मध्ये टोकिओत निघाला व १९४८ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने तो जगभर पोहोचविला. क्रियापदाची रचना, नाम मोजता येते की नाही, कोणते शब्दयोगी अव्यय लागते, ही माहिती त्यात नमुनावाक्यांसह दिलेली होती.

चांगल्या नमुनावाक्याची काही लक्षणे सांगता येतात : (१) नवा शब्द वगळता वाक्यातील इतर शब्द परिचित असावेत. (२) वाक्यावरून शब्दाच्या अर्थाचा अंदाज करता यावा. ‘ही इज अ फार्मर’ या वाक्यात ‘फार्मर’च्या जागी कोणताही व्यवसाय बसू शकतो, म्हणून ते अर्थबोधास निरुपयोगी आहे. ‘द फार्मर सोज पॅडी इन जून’ या वाक्यात मात्र प्रत्येक शब्द दुसऱ्याला आधार देतो. (३) शब्दाचे स्वाभाविक सोबती वाक्यात असावेत. (४) प्रसंग विद्यार्थ्याच्या अनुभवातील असावा. भंडाऱ्यात पितळेची भांडी घडविणारा कारागीर, विडीसाठी लागणारी तेंदूची पाने, वैनगंगेचा पूर किंवा बोडीतील मासेमारी हे विषय अशा वाक्यांना सहज सामग्री पुरवितात.

शब्दनिवड : कोणते शब्द आधी शिकवावेत, या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार भारतातच मोठ्या प्रमाणावर झाला. मायकेल वेस्ट (१८८८–१९७३) हे बंगालमध्ये शिक्षणखात्यात होते. बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज अधिक आहे व प्रचलित क्रमिक पुस्तकांत अनावश्यक कठीण शब्दांची गर्दी आहे, असे त्यांना आढळले. १९२६ मध्ये त्यांचा द्वैभाषिकत्वावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. मर्यादित नव्या शब्दांची पुनःपुन्हा भेट घडविणारी त्यांची वाचनमाला पुढे अनेक देशांत चालली. १९३५ च्या त्यांच्या कोशात सर्व व्याख्या १,४९० शब्दांच्या मर्यादेत दिलेल्या होत्या. १९५३ मध्ये त्यांनी सु. २,००० अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य इंग्रजी लेखनातील सु. ८० टक्के शब्द या यादीत सापडतात. तथापि उरलेल्या शब्दांतच बहुधा मजकुराचा मुख्य आशय असतो. म्हणून यादी हा पाया होय, इमारत नव्हे.

शालेय धोरण व परिभाषा : स्वातंत्र्योत्तर काळात इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून असावी, हा वादाचा विषय राहिला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात प्राथमिक स्तरावरील इंग्रजी वगळून ती आठवीपासून ठेवण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. भंडारा जिल्हा त्या वेळी दुसऱ्या राज्यात होता. महाराष्ट्रात पुढे दीर्घकाळ पाचवीपासून व २००० च्या शैक्षणिक वर्षापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाऊ लागली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने (बालभारती) राज्यभर समान क्रमिक पुस्तके उपलब्ध केली. त्यामुळे सर्व जिल्ह्यांना समान दर्जाची सामग्री मिळाली. मात्र एकाच पुस्तकातील शब्दार्थ कोकणापासून झाडीपट्टीपर्यंत सारखेच परिचित असतील, असे गृहीत धरले गेल्यास स्थानिक भाषांतील अंतर शिक्षकालाच भरून काढावे लागते.

इंग्रजी शब्दांना देशी पर्याय घडविण्याचे मोठे प्रयत्नही याच प्रदेशाशी निगडित आहेत. रघुवीर (१९०२–६३) यांनी नागपूर येथे राहून संस्कृत धातूंवर आधारित विस्तृत परिभाषा रचली. हिंदी व मराठी या दोन्ही भाषांच्या तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात या प्रयत्नांना शासकीय पाठबळ मिळाले. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले. त्याने पदनाम कोश (१९६२), शासन व्यवहार कोश (१९७३) व विविध विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले. इंग्रजीतून शिकणाऱ्याला व इंग्रजीकडे जाणाऱ्याला हे कोश सारखेच उपयुक्त आहेत. परंतु परिभाषेचा शब्दही वाक्यात वापरला गेला तरच रुळतो. ‘समन्स’ हा शब्द खेड्यात रुळला व अनेक सुबक पर्याय कोशातच राहिले, याचे कारण हेच होय.

मूल्यमापन : मातृभाषेतील प्रतिशब्द द्यावा की वस्तू, चित्र व कृती यांच्या द्वारे थेट इंग्रजीतूनच अर्थ सुचवावा, याविषयी विसाव्या शतकात बराच मतभेद झाला. प्रत्यक्ष पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी भाषांतर त्याज्य मानले. नंतरच्या संशोधनाने मातृभाषेतील अर्थ हा प्रारंभीच्या टप्प्यात जलद व विश्वसनीय आधार असल्याचे मान्य केले. केवळ तेवढ्यावर थांबणे मात्र अनिष्ट ठरते. शब्द पुनःपुन्हा, काही दिवसांच्या अंतराने व निरनिराळ्या संदर्भांत भेटला पाहिजे. वहीत शब्द, अर्थ व पुस्तकातील वाक्य यांबरोबर विद्यार्थ्याने स्वतः रचलेले वाक्य लिहिणे हा त्यासाठी सोपा व बिनखर्ची उपाय आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात त्या वहीत बोलीतील शब्दासाठी आणखी एक रकाना ठेवणे उपयुक्त ठरेल.

मोल्सवर्थचा कोश १९७५ मध्ये पुण्याहून पुनर्मुद्रित झाला व पुढे संगणकीय रूपातही उपलब्ध झाला. दूरध्वनीसंचावर शब्दार्थ क्षणात मिळण्याची सोय झाल्याने अर्थ शोधण्याचे श्रम कमी झाले आहेत. उपलब्ध अर्थांपैकी प्रस्तुत वाक्यात कोणता लागू पडतो, हे ठरविण्याचे काम मात्र शिल्लक राहतेच. शालान्त परीक्षेतील इंग्रजी हा ग्रामीण विद्यार्थ्यांच्या पुढील शिक्षणातील मोठा अडसर मानला गेला आहे. तो दूर करण्यासाठी शब्दांची संख्या वाढविण्याइतकेच शब्द विद्यार्थ्याच्या भाषेशी व जीवनाशी जोडणे आवश्यक आहे. ज्या प्रदेशातील पंडिताने पहिल्या मुद्रित मराठी-इंग्रजी कोशास हातभार लावला, त्या प्रदेशाच्या बोलीला इंग्रजीच्या अध्यापनात तिचे रास्त स्थान मिळणे, हे या परंपरेचे अद्याप अपुरे राहिलेले कार्य होय.